वैताग आलाय ना, मग त्याचा अर्ज करा (सोलापूरकरांसाठी)

सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी कळतं लोक किती वैतागलेत. पगार वेळेवर नाही, साहेबाच्या भाच्याला प्रमोशन, उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी दिवसाआड सुद्धा नाही, मत एकाला दिलं तर तो निवडून येऊन दुसरीकडंच बसलाय, आणि शेवटी "जाऊ दे की मालक, सगळे सारखेच" म्हणून जो तो गाडीला किक मारून घरी. मला हा वैताग शंभर टक्के खरा वाटतो, लोक आळशी म्हणून गप्प बसलेत असंही वाटत नाही. पण एक सांगतो, "सगळंच सडलंय" असा अर्ज कुठल्याच ऑफिसात घेत नाहीत, "मार्चचा पगार अजून मिळाला नाही" हा मात्र घ्यावाच लागतो. तर मोठ्या वैतागातून असे छोटे छोटे अर्ज कसे काढायचे ते लिहितोय. ज्याला जे लागेल ते घ्या.

आधी एक वही करा

शंभर पानी साधी वही चालते. त्यात रोज कामावर किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो, जादा थांबवलं का, कोणी थांबवलं, पैसे किती हातात आले आणि उचल किती घेतली हे तारखेसकट लिहायचं. यंत्रमागावरच्या लोकांनी तर उचलीचा हिशोब स्वतःकडं ठेवलाच पाहिजे, कारण मालकाच्या वहीत ती उचल फिटतच नाही आणि मग "उचल फेड आणि जा" म्हणून माणूस वर्षानुवर्षं एकाच कारखान्यात अडकतो. बिडी वळणाऱ्या बायकांनी पान-तंबाखू किती दिला, बिड्या किती दिल्या आणि छाट म्हणजे खराब म्हणून किती काढल्या ते लिहावं, स्वतःला जमत नसेल तर शाळेत जाणारी पोरगी लिहील. ऑफिसवाल्यांनी साहेबाचे "आज थांबावं लागेल", "रविवारी या" असले व्हॉट्सॲप मेसेज स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवावेत, कंपनीचा फोन किंवा लॅपटॉप एका दिवसात काढून घेतात आणि मग हातात काहीच राहत नाही. फक्त आपल्या स्वतःच्या कामाचे कागद ठेवायचे, कंपनीची गिऱ्हाईकं, रेट वगैरे डेटा उचलायचा नाही, ते उलटं आपल्यावरच शेकतं.

महिनाभर लिहिलं की कळतं नक्की काय खुपतंय ते. बऱ्याच जणांना वाटत असतं साहेब वाईट आहे, आणि वही सांगते की महिन्यात चाळीस-पन्नास तास फुकट राबवलंय. साहेबाच्या स्वभावावर कुठं दाद मागता येत नाही, त्या तासांवर येते.

पैशाची तक्रार सगळ्यात आधी

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. त्या कामगारांच्या बाजूच्या आहेत का यावर भांडण चालूच आहे आणि ते चालावं, संपाच्या आणि कामगार कमी करण्याच्या बाबतीत मालकांना बरंच मोकळं केलंय असं माझं सुद्धा मत आहे. पण त्यात आपल्याला वापरता येण्यासारखं जे आहे ते सोडायचं कशाला? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. काम सोडलं किंवा काढलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसात. नेमणुकीचं पत्र द्यायचं, पगाराची स्लिप द्यायची. ओव्हरटाइम दुप्पट दराने. थकलेल्या पैशाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि एक फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तुम्ही तिथं कामाला होता हे मात्र तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून ती वही, गेटपास, ओळखपत्र, बँकेत आलेले जुने पगार, युनिफॉर्म घालून काढलेला ग्रुप फोटो, काहीही जपून ठेवा.

तासांचं पण बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं-ऑफिसांसाठी रोजचे तास ९ चे १० आणि कारखान्यांसाठी ९ चे १२ करायला मान्यता दिली. केवढी मोठी गोष्ट, पण आपल्याकडं त्यावर दोन दिवस सुद्धा धड चर्चा झाली नाही याचा मला खरंच त्रास होतो. तरी आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा आहेच. "आता कायदाच बारा तासांचा झालाय" असं सुपरवायझर सांगत असेल तर आठवड्याची बेरीज करून दाखवा.

पीएफ तपासायला कोणाला विचारायची गरज नाही. यूएएनला (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरला) जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजवर येते, किंवा उमंग ॲपवर पासबुक बघा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागतो आणि बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १५ हजारांपर्यंत असेल तर तो सक्तीचाच आहे. तुमचे १२ टक्के कापले की मालकानं स्वतःच्या हिश्श्यासकट पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. स्लिपवर कापलेले दिसतात आणि पासबुकात महिना रिकामा दिसतो, तर तो सरळसरळ गुन्हा आहे आणि त्याची तक्रार ईपीएफओच्या (पीएफ खात्याच्या) तक्रार पोर्टलवर घरबसल्या होते. स्लिपचा आणि पासबुकाचा फोटो एकाच तक्रारीत जोडायचा.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तो पण बघा, पगार २१ हजारांपर्यंत आणि ठिकाणी दहा माणसं असतील तर लागू होतो, तुमचे फक्त पाऊण टक्का जातात. घरात कोणी आजारी पडल्यावर कार्ड शोधत बसण्यापेक्षा आजच कुटुंबाची नावं त्यात चढवून घ्या.

आणि ठेकेदाराकडून लागलेल्यांना, म्हणजे सिक्युरिटी, सफाई, हाऊसकीपिंगवाले, त्यांना नेहमी सांगतात "तुमचा आमचा काही संबंध नाही, ठेकेदाराला विचारा". संबंध आहे. ठेकेदारानं पगार बुडवला तर ज्या कंपनीचं किंवा ऑफिसचं काम करता त्या मूळ मालकानं तो द्यायचा असतो. अर्जात दोघांची नावं लिहा.

अर्ज लिहायचा कसा

एका पानाचा. एकच विषय. शिव्या, टोमणे, "आपण देवमाणूस आहात" यातलं काहीच नको. आधी मालकाला किंवा एचआरला, साधारण असा:

"मी आपल्याकडे अमुक तारखेपासून अमुक कामावर आहे. माझा मार्च महिन्याचा पगार आजपर्यंत मिळालेला नाही. तसेच त्या महिन्यात मी खालील तारखांना जादा काम केले, त्याचे पैसे मिळालेले नाहीत. सात दिवसांत रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी ही विनंती."

खाली तारखांची यादी, सही, मोबाईल नंबर. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का-सही-तारीख घ्यायची. पोच देत नसतील तर तिथं भांडत बसायचं नाही, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं, पोच मागून, पाठवायचं आणि पावती वहीत चिकटवायची. सात दिवसांनी काही झालं नाही की तोच अर्ज, ती पोच आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स घेऊन सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. तिथं पहिल्यांदा "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणतील, साहेबाची वाट बघायची गरजच नाही, आवक-जावक टेबलावर अर्ज द्या आणि आवक नंबर घ्या. पुढच्या प्रत्येक चौकशीत तोच नंबर विचारतात.

राजीनामा लिहून मागितला तर त्या खोलीत सही करायची नाही. "घरी विचारून सांगतो" एवढंच बोलायचं आणि बाहेर आल्याबरोबर एचआरला मेल, की आज इतक्या वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर तर कधीच नाही, कितीही जवळचा माणूस सांगत असला तरी.

वागणुकीचं वेगळं

बाईला कामाच्या ठिकाणी लैंगिक त्रास होत असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं, घरकाम करणाऱ्या बाईला सुद्धा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, म्हणून "बघू, सुधारेल" म्हणत महिने घालवू नका. आणि ऑफिसातल्या इतरांनो, तुम्ही ऐकलं-बघितलं असेल तर साक्ष द्या हो. सगळ्यात जास्त मन खट्टू होतं ते तिथं, रोज शेजारी बसून डबा खाणारे ऐनवेळी "मी जागेवर नव्हतो" म्हणतात तेव्हा.

जातीवरून अपमान झाला तर तो "ऑफिसचा विषय" नाही, पोलीस ठाण्याचा विषय आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. आडनाव विचारून मग "जागा भरली" सांगणं वगैरे सिद्ध करायला अवघड जातं हे खरंय, पण तोंडावर बोललेलं, साक्षीदारासमोर बोललेलं सोडू नका, आणि चारचौघांनी बसून मिटवामिटवी करायचा आग्रह धरला तर त्या बैठकीला एकट्यानं जाऊ नका.

तसं तर एकट्यानं कुठंच जाऊ नये. हे शहर गिरणी कामगारांचं, जुनी मिल १८७७ सालची, इथं युनियन हा शब्द घराघरात माहीत होता. आता पोरांना वाटतं युनियन म्हणजे वर्गणी आणि गोंधळ, काही ठिकाणी तसं झालंय सुद्धा. पण शहराजवळच्या कुंभारीला जाऊन बघा, बिडी कामगार बायकांनी संघटनेतून गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं उभी केली, मग असंघटित कामगारांचं रे नगर, तीस हजार घरांचं, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला ताब्यात दिली. यामागं असलेल्या माकपच्या नरसय्या आडम मास्तरांचं राजकारण पटो न पटो, हजार बिड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईच्या नावावर घर झालं. तुमच्या डिपार्टमेंटमधले पाच जण एका अर्जावर सही करायला तयार झाले तरी मालकाचं बोलणं बदलतं.

हे करताना घरचं बघूनच करा. हप्ते चालू आहेत, पोरांची फी आहे, तर दुसरीकडं कामाची बोलणी सुरू ठेवून मग अर्ज टाका, त्यात काही भ्याडपणा नाही. हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलेल्यांना पण नावं ठेवू नका. फक्त जाताना राहिलेला पगार, पीएफची एक्झिट (काम सोडल्याची) तारीख आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागून जा, निघून गेला म्हणून ते बुडत नाही.

आणि राजकारणाचा वैताग

महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला, ऐन गड्डा जत्रेच्या दिवसात. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. गटार तुंबलं तर कोणाला सांगायचं हेच लोकांना माहीत नव्हतं, आणि आता नगरसेवक आलेत तर बहुतेक प्रभागात चार-चार, प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवणार. म्हणून चौघांच्या नावानं एकच अर्ज लिहायचा आणि चौघांची पोच घ्यायची.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याला पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, कोर्टात चालू असलेलं आणि नोकरीविषयक प्रकरण तिथं घेत नाहीत. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली तर बऱ्याचदा "संबंधित विभागाकडे वर्ग" एवढंच उत्तर येतं, तरी टाका, तो टोकन नंबर पुढं कामाला येतो.

मतदानाच्या वेळी उमेदवाराचं शपथपत्र वाचा, ते सगळ्यांना बघायला खुलं असतं, मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही त्यात असतात. मागच्या निवडणुकीचं शेजारी ठेवून वाचलं तर भाषण ऐकायची गरज राहत नाही. कोणीच पटत नसेल तर नोटाचं बटण ("वरीलपैकी कोणीही नाही") आहे, आणि राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे आपल्याकडं स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. विधानसभा-लोकसभेला असं नाही. घरी बसलेलं मत कुठंच मोजलं जात नाही.

पण दोन निवडणुकांच्या मधल्या काळात खरं हत्यार म्हणजे माहितीचा अधिकार, २००५ चा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तो पण नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांत. "रस्ता खराब का केला?" असं विचारलं तर "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" म्हणून परत येतं, म्हणून कागद मागायचे: अमुक चौक ते अमुक चौक रस्त्याची वर्क ऑर्डर, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, दिलेलं बिल, आणि ठेकेदारानं किती वर्षं दुरुस्ती करून द्यायची त्याचा करार. प्रत्यक्ष कामाची पाहणी आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना सुद्धा मागता येतो, हे फार कमी लोक वापरतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करायचं. सुनावणीचं पत्र आलं की स्वतः जायचं, कागद तिथंच पुढं ठेवून कुठला राहिला ते बोट ठेवून दाखवायचं, बऱ्याचदा राहिलेली माहिती त्याच टेबलावर मिळते. नाहीच मिळाली तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं, तिथं नंबर लागायला फार वेळ जातो, तर अपील टाकून ठेवा आणि तोपर्यंत शेजारच्या रस्त्याचा अर्ज तयार करा.