हुडीची टोपी काढून गोल गळा शिवताना

मुंबईत हुडी थंडीसाठी क्वचितच घेतली जाते. ती घेतली जाते कार्यालयातल्या एसीसाठी, आणि डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावू लागल्यापासून प्रवासातल्या गारव्यासाठीही. अंगाला ऊब हवी असते. टोपीचा मात्र इथे फारसा उपयोग होत नाही. माझी भाची भांडुपहून रोज फोर्टला जाते. गर्दीत मागच्या बाईच्या पर्सचा पट्टा टोपीत अडकतो आणि गळा मागे ओढला जातो, शिवाय पावसात भिजलेली दुहेरी कापडाची टोपी संध्याकाळपर्यंत दमटच राहते, अशी तिची तक्रार होती. “मावशी, टोपी तेवढी काढून दे ना, बाकी हुडी चांगली आहे,” असे म्हणून तिने ती माझ्याकडे दिली. हे काम घरी नीट करता येते. टोपी उसवणे हा त्यातला सोपा भाग आहे. गळा किती कापायचा आणि त्याला किती लांबीची पट्टी लावायची, या दोन हिशेबांवर सगळे अवलंबून असते. पुढे जे सांगते आहे ते डोक्यातून घालायच्या, चेन नसलेल्या हुडीविषयी आहे. चेनवाल्या हुडीत चेनचे वरचे टोक शिवणीतच अडकवलेले असते, त्यामुळे तिचे काम निराळे होते.

कात्री हाती घेण्यापूर्वी हुडी एकदा धुऊन वाळवून घ्यावी आणि टोपी जोडलेली असतानाच गळ्याचा घेर मोजून वहीत लिहून ठेवावा. मेजपट्टी सपाट ठेवून वळणावर नीट बसत नाही. ती कडेवर उभी धरावी आणि टोपीच्या शिवणीवरून हळूहळू पुढे सरकवावी, म्हणजे वळणाचे खरे माप मिळते. हे माप आधी घेण्याचे कारण असे की टोपी निघाल्यावर विणलेले कापड मोकळे होते आणि हाताळता हाताळता दोन-तीन सेंटिमीटर सैल पडते. मूळचा आकडा लिहिलेला नसेल तर ही वाढ लक्षातच येत नाही आणि पुढचा सारा हिशेब चुकीच्या मापावर उभा राहतो.

टोपी कात्रीने शिवणीलगत कापून टाकावी असा मोह होतो, पण उसवण्याचे कष्ट घ्यावेत. मागच्या बाजूला, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आतून एक अरुंद न ताणणारी पट्टी शिवलेली असते आणि बहुधा मापाचे लेबलही तिच्यातच अडकवलेले असते. प्रथम तिची टीप सीम रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या टोकदार हत्याराने, उसवून पट्टी अखंड काढावी व जपून ठेवावी, कारण ती पुन्हा लागणार आहे. त्याखाली ओव्हरलॉकची, म्हणजे कच्ची कड धाग्यांनी बांधून टाकणारी, शिवण दिसते. तिच्यातला प्रत्येक धागा तोडत बसल्यास तासभर जातो आणि कापडाला छिद्रे पडण्याची भीतीही असते. ओव्हरलॉकमध्ये कडेभोवती फिरणारे धागे सुईच्या सरळ धाग्यांनी धरलेले असतात, म्हणून दर चार-पाच सेंटिमीटरवर फक्त सुईचे धागे तोडावेत आणि ते ओढून काढावेत. मग कडेचे नागमोडी धागे आपोआप सुटतात आणि लांबच्या लांब हाती येतात. समोर, जिथे टोपीच्या दोन कडा एकमेकींवर चढवलेल्या असतात, तिथे कापडाचे अनेक थर एकत्र आलेले असतात आणि शिवण घट्ट असते. त्या दोन-तीन सेंटिमीटरना वेळ द्यावा. नाडी आणि तिची छिद्रे टोपीतच असल्याने ती टोपीबरोबर निघून जातात.

निघालेली टोपी फेकू नये. पुढच्या प्रत्येक टाक्याची चाचणी तिच्यावर करता येते, कारण बहुधा ती हुडीच्याच कापडाची असते, आणि दुकानात रंग जुळवायलाही तीच न्यावी.

गळा मोकळा झाला की कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर हाताने एक धावदोरा घालावा आणि तो अलगद ओढून घेर लिहून ठेवलेल्या मापाइतका करावा. त्यावर ओलसर मलमलीचे कापड ठेवून इस्त्री नुसती टेकवावी आणि उचलावी. इस्त्री पुढेमागे फिरवली तर जे आवळले ते पुन्हा पसरते. या अवस्थेत हुडी हँगरला टांगू नये, टेबलावर पसरून ठेवावी.

आता कापण्याचा प्रश्न येतो, आणि इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. मुलाच्या स्वेटशर्टचा गळा त्याला थोडा आवळत होता, म्हणून मी चोहोबाजूंनी एक सेंटिमीटर कापला. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे मला वाटले होते. परंतु वर्तुळाची त्रिज्या एक सेंटिमीटरने वाढली की परीघ सव्वासहा सेंटिमीटरने वाढतो, आणि गळा वर्तुळाच्या जवळ जाणारा असल्याने त्याच्या बाबतीतही जवळपास तसेच घडते. तो स्वेटशर्ट खांद्यांवरून घसरू लागला, आतल्या बनियनचे पट्टे दिसू लागले, आणि मुलाने तो पुन्हा घातला नाही. तेव्हापासून मी मागचा गळा आणि खांद्याकडचा भाग कापतच नाही. कापायचेच असेल तर फक्त समोर कापते, आणि ते वळण खांद्याच्या शिवणीपर्यंत जाता जाता शून्यावर आणते.

समोर किती कापावे, यासाठी गळ्याला लावायच्या नव्या पट्टीची रुंदी हिशेबात धरावी लागते. पट्टी शिवणीच्या वर उभी राहते. २ सेंटिमीटर रुंद पट्टी जुन्या शिवणीवरच जोडली, तर गळ्याची वरची कड जुन्या शिवणीपेक्षा २ सेंटिमीटर वर येते आणि कंठाला टेकू शकते. गळा जुन्या शिवणीच्याच उंचीवर संपावा असे वाटत असेल, तर नवी शिवण समोर २ सेंटिमीटर खाली हवी. शिलाईसाठी पाऊण सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडायची असल्याने कापायची रेघ जुन्या शिवणीच्या सव्वा सेंटिमीटर खाली येईल. गळा त्याहून २ सेंटिमीटर खोल हवा असेल तर सव्वातीन. खडूने ही रेघ आखण्यापूर्वी उसवलेली हुडी अंगात घालून आरशासमोर उभे राहावे आणि पट्टीची वरची कड कुठे हवी तिथे टाचणी लावावी. टोपी डोक्यावर नीट बसावी म्हणून हुडीचा गळा मुळातच साध्या स्वेटशर्टपेक्षा मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे पुष्कळ वेळा काहीही कापायची गरज नाही असेच आढळते. भाचीच्या हुडीचा गळा मी मुळीच कापला नाही. कापायचे ठरले, तर हुडीची उभी घडी घालून दोन्ही खांदे एकमेकांवर जुळवावेत आणि दोन्ही बाजू एकदमच कापाव्यात, म्हणजे वळण दोन्हीकडे सारखे येते.

पट्टीसाठी रिबचे, म्हणजे उभ्या रेघांच्या विणीचे आणि आडवे ताणले जाणारे, होजिअरी कापड घ्यावे. मंगलदास मार्केटात किंवा दादरला कापडाच्या दुकानांत चौकशी करावी, आणि टोपी सोबत नेऊन रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता बाहेर उजेडात येऊन पाहावा. काळ्या आणि करड्या रंगांत तर हे फारच गरजेचे आहे. रंग अगदी जुळत नसेल, तर थोडासा वेगळा घेण्यापेक्षा उघडपणे वेगळा घ्यावा, असे माझे मत आहे. जवळपास जुळणारा रंग ठिगळासारखा दिसतो. करड्या हुडीला गडद निळी पट्टी मात्र ठरवून लावल्यासारखी दिसते. रिबचा १० सेंटिमीटरचा भाग आडवा ताणून पाहावा. तो सहज १५ पर्यंत जाऊन सोडल्यावर पुन्हा १० वर आला, तर कापड चांगले. तो साडेदहावर थांबला तर ती रिब घेऊ नये, कारण असा गळा काही महिन्यांत लोंबू लागतो. घरी आणल्यावर रिब पाण्यात भिजवून वाळवून घ्यावी. सुती रिब पहिल्या धुण्यात आटते, आणि ती शिवल्यानंतर आटली तर गळ्याला चुण्या पडतात.

पट्टीची लांबी गळ्याच्या घेरापेक्षा कमी हवी, म्हणजे ती ताणून बसते आणि वरची कड मानेकडे झुकते. घेराइतकीच लांब पट्टी लावली तर ती कॉलरसारखी बाहेर पडून फडफडते. चांगल्या रिबसाठी मी शिवणीच्या रेघेवर मोजलेल्या घेराच्या ८५ टक्के लांबी धरते, कमी ताणणाऱ्या रिबसाठी ९० टक्के, आणि टोपीच्याच कापडाची पट्टी करायची असेल तर ९५ टक्के. समजा घेर ६० सेंटिमीटर आहे, तर ८५ टक्क्यांनी ५१ सेंटिमीटर होतात. त्यात जोडाच्या दोन्ही टोकांची मिळून दीड सेंटिमीटर माया धरून ५२.५ सेंटिमीटर लांबी कापावी. दिसणारी रुंदी २ सेंटिमीटर हवी असेल तर पट्टी दुहेरी होणार असल्याने ४ अधिक माया दीड, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर रुंद कापावी. रिबच्या उभ्या रेघा पट्टीच्या रुंदीच्या दिशेने यायला हव्यात, कारण ती ताणली जाते आडवी. समोरचा गळा कापला असेल तर घेर पुन्हा मोजूनच हा हिशेब करावा.

शिवण्यासाठी बॉलपॉइंट सुई लावावी. तिचे टोक किंचित गोल असल्याने ती विणीचे धागे न तोडता त्यांच्यामधून वाट काढते. जाड फ्लीससाठी, म्हणजे हुडीच्या आतून लवदार असलेल्या कापडासाठी, १४ नंबर, पातळ कापडासाठी ११ पुरतो. धागा पॉलिएस्टरचा घ्यावा, सुती धागा गळा डोक्यातून घालताना तटकन तुटतो. मशीनवर झिगझॅग असेल तर अरुंद झिगझॅग लावावा. जुन्या काळ्या मशीनवर फक्त सरळ टीप असते. अशा वेळी टाका नेहमीपेक्षा थोडा लहान ठेवावा, आणि टोपीवर शिवून ती शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी. टीप तुटली, तर पट्टी हातशिलाईच्या उलट टिपेने जोडलेली उत्तम. त्याला संध्याकाळ जाते, पण गळा टिकतो.

पट्टीची दोन टोके जोडून गोल कडे करावे, जोडाची माया उघडून दाबावी आणि उलट बाजू आत घेऊन पट्टी लांबीत दुमडावी. तिचे चार सारखे भाग करून टाचण्या लावाव्यात. गळ्याचेही चार भाग करायचे, मात्र इथे खांद्याच्या शिवणी म्हणजेच बाजूंच्या खुणा असे मानू नये. समोरचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो, म्हणून समोरचा मध्य आणि मागचा मध्य एकमेकांवर ठेवून गळा सपाट धरावा. दोन बाजूंना जिथे घडी पडते त्याच बाजूंच्या खऱ्या खुणा, आणि त्या खांद्याच्या शिवणीच्या थोड्या पुढे येतात. पट्टीचा जोड मागच्या मध्यावर ठेवून चारही खुणा जुळवाव्यात, पट्टी हुडीच्या सुलट बाजूवर आणि तिन्ही कच्च्या कडा एकत्र असाव्यात. शिवताना पट्टी वरच्या बाजूला ठेवावी आणि फक्त तीच ताणावी. हुडीचे कापड ताणले गेले तर गळा लाटांसारखा उठतो आणि इस्त्रीनेही तो बसत नाही.

कड पक्की करायला पिको-फॉलच्या दुकानातून ओव्हरलॉक करून घेता येते, मात्र त्या मशीनला कड कापणारे पाते असते हे लक्षात ठेवावे. एका दुकानात माझ्या हुडीची माया टिपेपर्यंत कापली गेली आणि दोन ठिकाणी शिवण सुटली. “कापू नका, फक्त कड बांधा” असे सांगून समोर उभे राहावे, किंवा घरीच मायेवर झिगझॅगची दुसरी टीप मारावी.

माया हुडीच्या बाजूला वळवून, शिवणीपासून ३ मिलिमीटरवर सुलटीकडून एक टीप मारली की पट्टी बसते. शेवटी मागची जपून ठेवलेली पट्टी मायेवर ठेवून हाताने तुरपाई करावी. मागचा गळा कापलेला नसल्याने तिची लांबी तंतोतंत जुळते, मागची बाजू सैल होत नाही, आणि ओव्हरलॉकचे धागे मानेला टोचत नाहीत. नंतर ओलसर कापडावरून पुन्हा इस्त्री टेकवून उचलावी. पट्टी थोडी फुगलेली दिसत असेल तर ती बहुधा या वाफेने आत बसते.

पहिले काही वेळा धुताना हुडी उलटी करून धुवावी. वाळत घालताना गळ्याला किंवा खांद्यांना चिमटे लावू नयेत, कारण ओल्या फ्लीसचे सगळे वजन नव्या शिवणीवर येते. हुडी दांडीवर काखेच्या रेषेत दुमडून टाकावी आणि पावसाळ्यात पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरावी.