लष्करी हस्तक्षेपाचे समर्थन कसे तपासावे

एका देशाचे सैन्य दुसऱ्या देशात शिरले की 'तेथील सरकारनेच बोलावले' असा खुलासा बहुधा पाठोपाठ येतो. तो मान्य करण्यापूर्वी निमंत्रण कोणी दिले आणि देणाऱ्याला नकाराची मोकळीक होती का, हे पाहावे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत संघाने अफगाण सरकारच्या विनंतीचा हवाला दिला. तेव्हाचे अफगाण सत्ताधीश हफीझुल्ला अमीन यांनी सैन्य मागितले होते हे खरे. पण २७ डिसेंबरला त्याच सैन्याने त्यांना ठार करून बाब्राक कारमाल यांना सत्तेवर बसवले, तेव्हा त्या विनंतीला काय अर्थ उरला? उलट, नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी बंड मोडण्यासाठी भारताची मदत मागितली, आणि बंड मोडल्यावर सत्ता त्यांच्याकडेच राहिली.

संमती मागेही घेता येते, म्हणून सैन्य परत केव्हा गेले तेही तपासावे. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना १९८७ च्या करारानुसार गेली. १९८९ मध्ये अध्यक्ष प्रेमदासा यांनी ती परत नेण्यास सांगितले, तरी शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. उदाहरण आपल्या देशाचे आहे म्हणून हा मधला काळ नजरेआड करू नये.

निमंत्रण विरोधकांचे असेल, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २७ जून १९८६ चा निकाराग्वा निकाल वाचावा. विरोधकांच्या विनंतीवरून हस्तक्षेप चालू दिला तर अहस्तक्षेपाच्या, म्हणजे दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याच्या, तत्त्वात काहीच उरणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. बळजबरी ही न्यायालयाची मुख्य कसोटी होती: निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण देणे हा अमेरिकेचा हस्तक्षेप ठरला, आर्थिक मदत थांबवणे आणि व्यापारबंदी यांमुळे मात्र या तत्त्वाचा भंग झाल्याचे न्यायालयाने मानले नाही. म्हणून प्रत्येक टीकेला किंवा निर्बंधाला 'हस्तक्षेप' म्हणण्याची घाई करू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलमेही नीट पाहावीत. कलम २(७) इतर देशांच्या तोंडावर सर्रास फेकले जाते, परंतु ते खुद्द संयुक्त राष्ट्रांना देशांच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप करण्यापासून रोखते. देशांच्या बळवापराला मनाई करते ते कलम २(४). सुरक्षा परिषदेची परवानगी असेल, तर ठरावाची भाषा आणि प्रत्यक्ष कृती शेजारी ठेवून वाचावीत. लिबियासंबंधीचा १७ मार्च २०११ चा ठराव क्रमांक १९७३ नागरिकांच्या रक्षणासाठी होता. भारतासह 5 देश त्यावर तटस्थ राहिले. सत्तांतराचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता.