प्रोजेक्टमध्ये ॲपल, घरी संत्रा : इंटरनॅशनल बिझनेस शिकताना या चुका टाळा

सेमिस्टर संपत आलं की माझ्या टेबलावर स्पायरल बाइंडिंगचा ढीग लागतो. एम.कॉम. आणि एमबीएचे प्रोजेक्ट. विषय ठरलेले : ॲपल, नायके, स्टारबक्स, मॅकडोनाल्ड्स, हल्ली टेस्ला. लिहिणारे पोट्टे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, दर्यापूरचे. स्टारबक्सची कॉफी यांच्यातल्या बहुतेकांनी फक्त रीलमध्ये पाहिलेली. तरी स्टारबक्सनं चीनमध्ये काय करावं यावर पानंच्या पानं सल्ला.

कंपनी मोठी निवडली म्हणून मार्क जास्त पडत नाहीत, हे एकदा डोक्यात घ्या. उलट परीक्षकानं त्या कंपनीवरचं तेच ते इतक्या वेळा वाचलेलं असतं की तो दुसऱ्या पानावर जांभई देतो. बाकीच्या चुका खाली लिहिते आहे. दर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच तेच बोलून घसा बसतो.

आधी चौकट, मग प्रश्न

रिपोर्ट उघडला की पेस्टेल, म्हणजे राजकारणापासून कायद्यापर्यंत बाहेरची परिस्थिती. पान उलटलं की स्वॉट, म्हणजे ताकद, कमजोरी, संधी, धोके. मग पोर्टरचे पाच फोर्सेस, म्हणजे स्पर्धेचे पाच दबाव. सगळ्या चौकटी भरलेल्या, आणि शेवटी कंपनीनं नेमकं काय ठरवायचं होतं याचा पत्ता नाही. स्वॉटमध्ये 'स्ट्राँग ब्रँड' आणि 'स्पर्धा वाढती' असं लिहिलं असेल तर वरचं नाव खोडून कोणत्याही कंपनीचं टाका, फरक पडत नाही. मग त्या स्वॉटचा उपयोग काय?

माझी सवय अशी आहे की विषय घेऊन आलेल्याला मी आधी अर्धं पान देते आणि तीन गोष्टी लिहायला लावते. निर्णय कोण घेतंय? कशाकशातून निवडतंय? आणि कधीपर्यंत ठरवायचंय? एवढं लिहिता आलं तर पुढं बोलू. घाई असलेले पोट्टे इथंच वैतागतात. "मॅडम, फॉरमॅट द्या ना, भरून टाकतो." भरून टाकायला ती काय बँकेची स्लिप आहे?

जाता जाता : 1979 साली पोर्टरनं पाच फोर्सेस मांडले ते उद्योगासाठी, एका कंपनीसाठी नाही. 'टेस्लाचे फाइव्ह फोर्सेस' असं लिहिलं की मी तिथंच लाल पेन उचलते.

जवळचा देश म्हणजे सोपा बाजार

ही माझी लाडकी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

वरुडकडचा एक विद्यार्थी, घरी संत्र्याची बाग. विषय त्यानं झकास निवडला होता : नागपुरी संत्र्याची बांगलादेशला निर्यात. मी खूश. रिपोर्ट हातात आला आणि डोकं धरलं. बांगलादेश जवळ आहे, ट्रकनं माल जातो, तिथं मागणी आहे, लोकांच्या आवडीनिवडी आपल्यासारख्या, सबब निर्यात वाढवावी. आयात शुल्कावर एक ओळ : 'ड्युटी नाममात्र आहे.' ही ओळ त्याची नव्हतीच. झेरॉक्सच्या दुकानातल्या पेनड्राइव्हमधून आलेला, कधीकाळच्या कुण्या सिनियरचा रिपोर्ट होता तो. कव्हर तेवढं नवीन.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक शांत माणूस. त्यांनी विचारलं, "ड्युटी किती लागते?"

"नाममात्र, सर."

"बरं. मागच्या हंगामात घरचा संत्रा कुठं गेला?"

आणि तोवर पाठ केलेलं इंग्रजी बोलणारा पोरगा मोकळा झाला. "काय सांगू सर, व्यापारी बाग पाहून गेला, इसार देऊन गेला, न् मग आलाच नाही. बाबानं फोन केला तं म्हणे बांगलादेशनं टॅक्स वाढवला, माल तिकडं जाऊन नाही राह्यला. मंग मिळन त्या भावात देऊन टाकला."

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर. अख्ख्या रिपोर्टचं उत्तर या पोराच्या घरात बसलेलं होतं आणि रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्द नव्हता. का नाही लिहिलं विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, मले वाटलं घरचं नसते लिहीत."

झालं होतं ते असं. 2019 पासून बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं आणि 2023 पर्यंत ते चौपटीच्याही वर गेलं. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड पट्ट्यातला भाव पडला तो बराचसा यापायी. डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारला या शुल्काचा अर्धा भार उचलण्याची घोषणा करावी लागली. आता यावर व्यवस्थापनाचे अभ्यासक पंकज घेमावत यांनी 2001 मध्ये मांडलेलं केज मॉडेल ठेवून पाहा. दोन देशांतलं अंतर चार प्रकारचं असतं असं ते सांगतं : सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. नकाशावर बांगलादेश जवळ. पेट्रापोल-बेनापोलची सीमा ओलांडली की माल पोचला. खाण्याच्या सवयी, खिसा, यातही फार अंतर नाही. पण प्रशासकीय अंतर दर हंगामाला वाढत होतं आणि बाकी तिन्ही जवळिकींना ते पुरून उरलं. केज हे असं वापरायचं असतं. चार रकाने काढून प्रत्येकात दोन-दोन ओळी कोंबणं म्हणजे केज नव्हे.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : बांगलादेश नाही तर कुठं? इथं लगेच 'युरोप, अमेरिका' लिहू नका. आपल्या संत्र्याची साल सैल, फळ नाजूक, आत बिया. समुद्रानं कित्येक दिवसांचा प्रवास त्याला झेपत नाही, आणि बाहेरच्या मोठ्या बाजारात गिऱ्हाईक बिनबियांचं फळ मागतं. पंजाबचा किन्नो सालीला घट्ट, तो आपल्यापेक्षा जास्त तग धरतो. तेव्हा निवड खरी अशी आहे : वॅक्सिंग करून, म्हणजे सालीवर मेणाचा थर देऊन, आखातात थोडा माल पाठवायचा, दिल्ली-कोलकात्यावर भर द्यायचा, की बारक्या फळाचा रस काढणाऱ्याशी करार करायचा? आणि हे ठरवतंय कोण, एकटा बागायतदार, व्यापारी की शेतकरी उत्पादक कंपनी? तिघांची उत्तरं वेगळी येतील. असा रिपोर्ट मला आणून दाखवा, मार्कांचं मी बघते.

उपाय? शुल्काचा आकडा लिहिला की शेजारी त्याची तारीख लिहायची. तारीख सापडत नसेल तर आकडा लिहायचा नाही. दुसरं, मंडीत जाऊन एका व्यापाऱ्याशी बोलायचं. 'स्ट्रॅटेजी काय' असं विचारू नका, तो चहा पाजून वाटेला लावेल. मागचा ट्रक कुठं अडकला ते विचारा. मग तो थांबत नाही.

पेनड्राइव्हचा धंदा आता थंडावलाय म्हणा. त्याची जागा मोबाइलमधल्या चॅटबॉटनं घेतली. इंग्रजी सुधारलं, पण ड्युटी अजून नाममात्रच आहे.

कापूस आणि रुई एकाच तराजूत

ही दुसरी. दरवर्षी कुणीतरी लिहितंच : 'भारतीय कापूस जागतिक भावाच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळतो, त्यामुळे निर्यातीला प्रचंड वाव आहे.' शेतकऱ्याच्या पोरानं हे लिहावं याचं मला जास्त वाईट वाटतं.

हिशेब करून पाहू. न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव असतो रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, सेंटमध्ये, एका पाउंडाला. आपल्या मंडीतला भाव कपाशीचा, म्हणजे सरकीसकट, क्विंटलला. रुईचा भाव आपल्याकडं खंडीवर बोलतात आणि खंडी म्हणजे 356 किलो, पाउंडात 784 च्या आसपास. समजा तिकडं 70 सेंट चालू आहे आणि डॉलर 85 रुपये. खंडीचे झाले साधारण 549 डॉलर, म्हणजे 46,600 रुपयांच्या घरात. किलोला 131 रुपये, क्विंटलला 13,100. इकडं मंडीत कापूस 7,500. पोट्टे 13,100 शेजारी 7,500 ठेवतात आणि खूश होतात.

पण क्विंटलभर कापसातून रुईचा उतारा 34 किलोच्या आसपास. 131 च्या भावानं तिचे झाले 4,450 रुपये. सरकी निघाली 64 किलो, 35 रुपये किलो धरली तर 2,240. दोन्ही मिळून 6,700 सुद्धा होत नाहीत, आणि जिनिंगचा, म्हणजे सरकी वेगळी काढण्याचा, खर्च अजून वजा व्हायचा आहे. म्हणजे या भावाला आपला कापूस महाग पडतो. निष्कर्ष थेट उलटला. निर्यातीला वाव कुठला, गिरणीवालाच बाहेरून मागवायला बघेल. म्हणून तर फेब्रुवारी 2021 मध्ये लागलेलं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क हा एवढा तापलेला विषय आहे. 19 ऑगस्ट 2025 ला केंद्रानं ते शून्यावर आणलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. याच ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि कापडवाले अडचणीत आले. हे दोन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून त्या हंगामाच्या तोंडावर यवतमाळच्या एखाद्या जिनवाल्यानं काय करायला हवं होतं, हा प्रोजेक्ट. कुणी घेत नाही. गणित करावं लागतं ना.

मी वहीच्या शेवटच्या पानावर एकक बदलायचा तक्ता लिहायला लावते. खंडी, गाठ म्हणजे 170 किलो, क्विंटल, पाउंड. ज्याच्याकडं तक्ता नाही त्याचं कापसावरचं चॅप्टर मी वाचत नाही. आखडू म्हणतात मला, म्हणू द्या.

बाकीच्या, भराभर

सगळं अपयश संस्कृतीवर ढकलू नका. वॉलमार्ट 1997 ला जर्मनीत गेलं, 2006 ला बाहेर पडलं. यावर रिपोर्टमध्ये काय, तर दारात हसून स्वागत करणारे कर्मचारी जर्मनांना रुचले नाहीत. असेलही. पण समोर आल्डी आणि लिडल दुकान थाटून बसले होते, स्वस्त विकण्यात वॉलमार्टला भारी. ते कोण लिहिणार? आणि देशोदेशींची संस्कृती मोजणारे हॉफस्टेडचे आकडे देवाची वाणी असल्यासारखे लिहिता, ते मुळात 1967 ते 1973 दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून आले. वापरा, पण हे माहीत असू द्या.

'रुपया पडला की निर्यातदाराची चांदी.' आयात केलेला कच्चा माल, डिझेल, डॉलरमधलं कर्ज, यातलं काहीच नसेल तर.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, म्हणून परदेशात जास्त भाव मिळेल, असं होत नसतं. इथली नोंदणी इथल्यापुरती. दुसऱ्या देशात नावाला संरक्षण हवं तर तिथं वेगळी खटपट करावी लागते.

ग्लोबल, मल्टीडोमेस्टिक, ट्रान्सनॅशनल या कंपन्यांच्या प्रकारांच्या व्याख्या पाठ करू नका. खर्च वाचवायला सगळीकडं एकच माल न्यायचा की गावोगावी बदलायचा, ही ओढाताण समजली की तिन्ही शब्द आपोआप जागेवर बसतात.

एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) आणि सीआयएफ (भाडं-विमा धरून किंमत) यांत घोळ घालायचा नाही. भाडं आणि विमा किमतीत धरलाय की नाही हे न पाहता दोन देशांचे भाव शेजारी ठेवणाऱ्याला मी सरळ परत पाठवते.

आणि आकडे बातम्यांतून उचलण्याआधी एचएस कोड, म्हणजे मालाचा जगभर चालणारा वर्गवारी क्रमांक, बघा. लिंबूवर्गीय फळं 0805, पिंजलेला नसलेला कापूस 5201. वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीत कोड टाकून देशवार, वर्षवार निर्यात फुकट दिसते. फक्त 0805 मध्ये लिंबंही येतात, तेव्हा संत्र्यासाठी पुढचे आकडे टाकून खाली उतरा. मागच्या वर्षी एका गटानं लिंबासकट सगळी निर्यात संत्र्याच्या नावावर मांडली होती, रंगीत ग्राफसकट.