केळी वेफर्सची भट्टी टाकताय? आधी सालीचं गिऱ्हाईक शोधा

आमच्या जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडं वेफर्सची भट्टी टाकायची म्हटली की माणूस आधी कढई बघतो, मग स्लायसर, मग पॅकिंग मशीन, आणि सालीचं काय हा प्रश्न पडतो तेव्हा शेजारी वासावरून भांडायला दारात उभा असतो. माझंही तेच झालं. महिनाभर साल ट्रॉलीत भरून नाल्याकाठी टाकली, वर ट्रॉलीचं भाडं भरलं ते वेगळंच.

100 किलो कच्ची केळी सोलली की 35-40 किलो साल निघते, पैसे मात्र आपण पूर्ण 100 किलोचे मोजलेले असतात भाऊ. म्हणून पहिलं काम, आठ दिवस काटा लावा. साल, चुरा, जुनं तेल, सगळं वेगवेगळं मोजून वहीत लिहा. मग यातलं कोण काय नेईल ते विचारत फिरा, आणि तो जे मागेल त्याप्रमाणे कामाची मांडणी बदला. खरी मेख इथंच आहे.

माझ्या सालीला म्हशीवाला मिळाला. पण तो म्हणे फिनाईलच्या फरशीवरची नको, मिठाच्या पाण्यातली नको, आंबलेली तर नकोच. मग सोलायच्या टेबलाला खालून क्रेट लावले, साल जमिनीला टेकतच नाही, आणि मीठ-हळदीचा टप दुसऱ्या भिंतीला नेला. घड सोलायच्या आधीच धुवायचे, नंतर नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 44 च्या वर जातो, दुपारची साल संध्याकाळी आंबते, म्हणून सोलणं पहाटे सहाला आणलं, कारण तो दहाला दुधाचे कॅन खाली करून रिकामाच गावाकडं जातो, त्याच गाडीत क्रेट जातात. पैसे मी घेत नाही, शेणखत घेतो, ते बागेत पडतं. सुरुवातीला थोडी थोडी, चाऱ्याच्या कुट्टीत मिसळूनच घालायला सांगा, एकदम पाटीभर ओली साल खाल्ली तर म्हैस पातळ हगते आणि गिऱ्हाईक तुटतं.

चुऱ्याचं सोपं आहे, चिवड्यात घाला. फक्त तो तेलात राहू देऊ नका, तळाशी जळतो आणि तेल लवकर काळं पडतं, रोज गाळा.

तेलाचं मात्र नीट ऐका. 1 जुलै 2018 पासून एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल तळायला वापरायचं नाही. मोजायचं मीटर मिळतं. असं तेल भजीवाल्याला स्वस्तात द्यायचा मोह होतो, देऊ नका राव, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. बायोडिझेलसाठी जुनं तेल विकत घेणारे आहेत, त्यांना द्या, फक्त कॅनमध्ये पाणी जाऊ देऊ नका आणि पावती ठेवा.

पाकीट चकचकीत असलं की माल उठून दिसतो हे खरं, पण त्यात प्लास्टिकचे थरावर थर चिकटवलेले असतात, भंगारवाला हातही लावत नाही. बाहेरगावच्या मालाला एकाच जातीच्या प्लास्टिकचं पाकीट घ्या, जवळच्या दुकानांना पत्र्याचे डबे द्या, अनामत घेऊन, रिकामा डबा आला की भरलेला द्यायचा. माल जास्त दिवस पडू देऊ नका म्हणजे झालं, खवट होतो.

आता खोडाचं, कारण सगळे तेच विचारतात. केळीला घड एकदाच येतो, मग खोड कापावंच लागतं, आणि त्यातून धागा निघतो हेही खरं. पण खोडात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे ते ट्रॅक्टरनं कारखान्यात आणलं तर भाडं पाण्याचंच भरलं. मशीन बांधावर नेता आली तरच हिशोब बसतो, उरलेला चोथा तिथंच शेणात मिसळून गांडूळखताला लावता येतो. मी अजून मशीन घेतलेली नाही, धाग्याचं गिऱ्हाईक बघतोय.