पेटीतल्या चकचं ग्रीस

आयटीआयला फिटर ट्रेड करून भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये अप्रेंटिस लागलो, तेव्हा पहिलं काम मिळालं ते लाकडी पेटी रिकामी करायचं. आत लेथचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचा, जादा थ्री-जॉ चक (कातायचा तुकडा तीन जबड्यांत, म्हणजे जॉमध्ये, धरणारा भाग), एक लीडस्क्रू (आट्यांचा लांब दांडा) आणि चेंज गिअर (बदलायची दातेरी चाकं). कैक वर्षं पडून असलेला माल. गंज लागू नये म्हणून वर लावलेलं ग्रीस करपलेल्या काकवीसारखं झालेलं. मला वाटलं, खरवडलं की निघेल. हॅक्सॉचं तुटकं पातं घेतलं आणि चकच्या ग्राइंड केलेल्या तोंडावर दोन ओरखडे पाडून ठेवले.

मेस्त्री काही बोलले नाहीत. चक ट्रेमध्ये घालून बाहेर उन्हात नेऊन ठेवला. मे महिना होता. जेवून आलो तर ग्रीस सुटून ट्रेमध्ये ओघळलं होतं.

अशा ग्रीसमध्ये मेण असतं. त्यातला पातळ भाग हळूहळू उडून जातो आणि मेणाचा थर घट्ट बसतो. कॉस्मोलिनच्या (गंजरोधक मेणकट ग्रीस) जातीचं ग्रीस ४५ ते ५२ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आधी ऊब द्यायची. ऊन नसेल तर साध्या लोखंडी भागांना कढत पाणी चालतं. त्यात कॉस्टिक सोडा टाकायचा मोह होतो, पण अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात गेला तर खाल्लाच म्हणून समजा.

उरलेला थर रॉकेल किंवा एमटीओने (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) धुवायचा. दोन ट्रे ठेवा, पहिला मळका आणि दुसरा स्वच्छ. एकाच ट्रेमध्ये धुतलं की मळ फक्त जागा बदलतो. लीडस्क्रूच्या आट्यांसाठी मेस्त्रींची युक्ती: सुती दोरी रॉकेलात भिजवून आट्यात एक वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं धरून घुसळल्यासारखी ओढायची. ब्रशने तासभर जाईल ते काम दहा मिनिटांत होतं. चकचे जॉ काढताना नंबर बघा. १, २, ३ आपापल्या खाचेतच आणि त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत, नाहीतर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, मध्यावर धरला जाणार नाही.

पेट्रोलने कधीही धुवू नका. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते आणि जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत ग्राइंडरच्या ठिणग्यांपर्यंत पोचते. रॉकेलही चुलीवर गरम करायचं नाही. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज घाला. मी घातले नव्हते, आठवडाभर बोटं भेगाळली होती. चिंध्या झाकणाच्या डब्यात टाका. आणि नवीन बेअरिंग पॅकिंगमधून काढलं की धुवायला घेऊ नका. आतलं ग्रीस किंवा तेल राहू द्या, बोअर (मधलं भोक) आणि बाहेरची कड पुसली की पुरे.

माझी मोठी चूक मात्र धुऊन झाल्यावरची. त्याच वर्षी जुलैत दुसऱ्या चकचे जॉ लख्ख धुतले, टेबलावर मांडले आणि भोंगा झाला म्हणून घरी गेलो. बाहेर पाऊस, शेडमध्ये दमट हवा. सकाळी तिन्ही जॉवर तांबूस पूड बसलेली आणि दोन नंबरवर माझ्या घामट अंगठ्याचा ठसा गंजात उमटलेला. पूड तेल लावून निघाली, ठसा अजून पुसट दिसतो.

तेव्हापासून भोंग्याआधी कोरडे पुसून तेल लावून होतील तेवढेच भाग धुवायला घेतो.