डॉक्टरांकडे जाण्याआधी वहीत काय लिहायचं

मी हिशेबाचं काम करतो. त्यामुळे डिप्रेशन आलं तेव्हाही आधी ताळाच जुळवत बसलो: कशामुळे झालं? आई गेली म्हणून, नोकरी बदलली म्हणून, की मी मुळातच लेचापेचा म्हणून? त्यात चार महिने गेले. शेवटी एक वही केली, ती अशी.

पहिल्या पानावर रोजच्या नोंदी, दोन आठवडे. ‘आज उदास’ एवढ्याने भागत नाही. माझी एक नोंद: ‘पहाटे पावणेचारला जाग. दाढीचा ब्रश ओला केला आणि तसाच ठेवून दिला.’ डॉक्टर नऊ गोष्टी बघतात: उदासी, कशातच रस न वाटणं, झोप, भूक किंवा वजन, थकवा, हालचाली मंदावणं किंवा तगमग, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. यातल्या किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि पहिल्या दोनपैकी एक हवीच. मला रडू येत नव्हतं, म्हणून हे डिप्रेशन नव्हेच असं मी धरून चाललो होतो. रस उडाला होता, पहिल्या दोनपैकी तेवढंही पुरतं.

मरणाचे विचार येत असतील तर वहीबिही राहू दे. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

दुसऱ्या पानावर संबंध असू शकेल असं सगळं: घरात कुणाला होतं का, लहानपणचे आघात, जवळच्याचा मृत्यू, बेकारी, एकटेपण, बाळंतपण, मधुमेह किंवा हृदयविकार, दारू, चालू असलेल्या गोळ्या (स्टेरॉइडसुद्धा). कधी उलटं, म्हणजे झोप न घेताही उत्साह उतू जात होता, असे दिवस आले असतील तर तेही. त्यावरून औषध बदलतं. आई-वडील किंवा भावंडांत हा आजार असेल तर धोका दोन-तीन पटींनी वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास निघाला, पण तो लोकालोकांतल्या फरकाचा हिशेब. माझ्या आजारातले ३७ टक्के वडिलांच्या खात्यावर टाकता येत नाहीत. मी टाकून पाहिले होते.

आकडे वाचायचेच असतील तर आधी काळ बघा. ‘सध्या’, ‘गेल्या वर्षभरात’ आणि ‘आयुष्यात कधीतरी’ हे तीन वेगळे प्रश्न, उत्तरंही वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने शंभर प्रौढांत साधारण पाच जणांना डिप्रेशन असतं, आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. साठ माणसांच्या आमच्या कार्यालयात सरासरीने तीन. बाकीचे दोन कोण, हे मी जेवणाच्या सुट्टीत चेहरे बघून शोधायचो. कळलं नाही, आणि माझ्याकडे बघूनही कुणाला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी पहिलं पान सावकाश वाचलं. दुसरं वाचून थायरॉइड आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण त्यांतल्या बिघाडानेही असंच वाटू शकतं. शेवटची ओळ होती ‘स्वभाव लेचापेचा’. ती त्यांनी पेनाने खोडली. रिपोर्ट ठीक आले, गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर मनाने बंद करायच्या नाहीत आणि वही चालू ठेवायची, असं बजावलं.

सदतिसाव्या दिवसाची नोंद: ‘दाढी केली.’