‘हार्ड’ वापरताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘आय ॲम हार्ड टू अंडरस्टँड धिस लेसन.’ मनात असतं, ‘मला हा धडा समजायला कठीण जातो.’ कागदावर मात्र धडा सुटतो आणि मुलगाच समजायला कठीण होऊन बसतो. जे अवघड आहे, तेच कर्त्याच्या जागी घ्या: ‘धिस लेसन इज हार्ड टू अंडरस्टँड.’ नाहीतर ‘इट’ने सुरुवात करा: ‘इट इज हार्ड फॉर मी टू अंडरस्टँड धिस लेसन.’ माणूस कर्ता चालतो, पण अवघड तोच असेल तर. ‘ही इज हार्ड टू प्लीज’ बरोबर आहे. शेवभाजीला तर्री कमी पडली म्हणून रुसणारा एखादा मामा प्रत्येक लग्नात असतोच.

दुसरी खोड ‘कडक’ची. आपल्याकडे ऊन कडक, चहा कडक, सर कडक आणि कोरी नोटही कडक. म्हणून सगळीकडे ‘हार्ड’ ठोकलं जातं. इंग्रजीत उन्हाला स्कॉर्चिंग म्हणतात, चहाला स्ट्राँग, सरांना स्ट्रिक्ट आणि नोटेला क्रिस्प. ‘हार्ड टी’ तर चुकूनही मागू नका. अमेरिकेत हार्ड सायडर, हार्ड टी म्हणजे दारू असलेलं पेय. सकाळची कळण्याची भाकरी संध्याकाळी कडक झाली, तर ती मात्र खुशाल हार्ड.

मग कुठला अर्थ कुठे घ्यायचा? अर्थांची यादी घोकण्यापेक्षा उलट शब्द शोधावा, असं माझं मत आहे. पेपर हार्ड, तर उलट ईझी. थंडी हार्ड, तर उलट माइल्ड. रावेरची परदेशी जाणारी केळी हिरवी आणि हार्ड असतानाच कापतात. तिथे उलट सॉफ्ट. उलट शब्द बदलला की समजावं, अर्थही बदललाय. ‘डिफिकल्ट’ कुठे चालेल हेही यातून कळतं: पेपर डिफिकल्ट असतो, केळी नाही.

पाण्याची गोष्ट जरा वेगळी. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. आपण म्हणतो ‘पाणी जड आहे’ आणि इंग्रजीत बिनधास्त ‘हेवी वॉटर’ लिहून मोकळे होतो. हेवी वॉटर म्हणजे ड्युटेरियमचं पाणी. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत ते वापरतात. ते कुणाच्या बोअरला लागत नाही! कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असलेलं आपलं पाणी हे हार्ड वॉटर, शाळेच्या पुस्तकातलं ‘दुष्फेन’. त्याच्या उलट सॉफ्ट वॉटर.

नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात महागात पडते ती चूक ‘हार्डली’ची. क्रियाविशेषणाला ‘ली’ लागतं हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे उमेदवार आत्मविश्वासाने सांगतो, ‘आय वर्क हार्डली.’ ऐकणाऱ्याला वाटतं, हा बाबा कामच करत नाही. ‘हार्ड’ हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही, म्हणून ‘आय वर्क हार्ड’ एवढंच पुरे. ‘हार्डली’चा अर्थ जेमतेम, जवळजवळ नाहीच: ‘इट हार्डली रेन्स इन एप्रिल.’ नकार त्याच्या पोटातच आहे, म्हणून ‘आय कांट हार्डली सी’ असा दुहेरी नकार लिहू नये. ‘आय कॅन हार्डली सी’ म्हणावं. आणि आभार मानताना ‘हार्ड वर्क्स’ नको. कष्ट कितीही केले तरी इंग्रजीत ते ‘हार्ड वर्क’च राहतात, आधी ‘अ’ही लागत नाही.

‘हार्ड ऑफ हिअरिंग’ म्हणजे कमी ऐकू येणारा, ‘हार्ड अप’ म्हणजे पैशांची चणचण असलेला. हे दोन तसेच पाठ करा, तोडून अर्थ लावायला गेलात तर फसाल.

बारावीच्या मुलांसाठी एक राहिलं. ‘हे झालं न झालं तोच ते झालं’ असं सांगणारं वाक्य ‘हार्डली’ने सुरू झालं की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी येतं आणि पुढे जोडायला ‘व्हेन’ लागतं. ‘दॅन’ हा ‘नो सूनर’चा जोडीदार, त्याला इथे आणू नका. ‘हार्डली हॅड द ट्रेन लेफ्ट भुसावळ व्हेन द फॅन स्टॉप्ड.’